संथ आणि रेंगाळलेला: खुनाच्या तपासावरच्या एका चित्रपटाचं संकलन

खेड्यातल्या एका खुनाच्या तपासावरचा चित्रपट संकलनाच्या टेबलावर कसा अडला आणि कसा सुटला, त्याची ही नोंद. संकलक मी होते. चित्रपटाचं नाव, माणसं आणि ठिकाण यांची ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मिनिटं आणि सेकंद मात्र माझ्या वहीत आहेत तसेच दिलेत, कारण सगळा वाद त्यांचाच होता.

पार्श्वभूमी

गोष्ट थोडक्यात अशी. कापणी झालेल्या शेतात सकाळी एका तरुणाचं प्रेत सापडतं, पालथं पडलेलं. शहरातून एक तपास अधिकारी येतो. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा. हाताशी एक स्थानिक हवालदार आणि एक जुनी जीप. प्रयोगशाळा दूर आहे, रस्ते कच्चे आहेत, आणि गावात प्रत्येकाला काही ना काही ठाऊक आहे, पण आपणहून कुणी तोंड उघडत नाही. सातव्या दिवशी तपास लागतो. मारणारा मृताचा चुलतभाऊ निघतो. शेताच्या हद्दीवरून दोन घरांत जुनं वैर असतं.

खुनी कोण, हे मध्यंतरापर्यंत लक्ष देऊन पाहणाऱ्याला कळावं अशीच पटकथा होती. दिग्दर्शक पहिल्याच बैठकीत म्हणाला होता, "कोणी मारलं हे कोडं मला घालायचंच नाही. असं घडल्यावर त्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळ कशी होते, ते दाखवायचंय." या एका वाक्यासाठी मी काम घेतलं. त्याच्याबरोबर आधी दोन चित्रपट केले होते, त्यामुळे त्याचा शॉट लांब असतो हे माहीत होतं. त्याला वाइड आवडतो, माणसं लहान आणि आकाश मोठं.

चित्रीकरण डिजिटल. ही गोष्ट इथे मुद्दाम लिहिते. फिल्मवर काम व्हायचं तेव्हा 35 मिमीचा 1000 फुटांचा रोल 24 फ्रेमच्या वेगाने सुमारे 11 मिनिटांत संपायचा. रोल संपला की कॅमेरा थांबायचा, आणि त्या थांबण्यात दिग्दर्शकाला विचार करायला वेळ मिळायचा. डिजिटलमध्ये कॅमेरा थांबत नाही. या चित्रपटात एका टेकची लांबी 38 मिनिटं होती. तोच टेक पुढे सगळ्या भांडणाचं मूळ ठरला.

कालव्याचा प्रसंग

तिसऱ्या दिवशी अधिकाऱ्याला कळतं की हत्यार कालव्यात फेकलेलं असावं. तो वरचे दरवाजे बंद करायला लावतो. पाणी हळूहळू उतरत जातं. दोन्ही काठांवर गाव उभं आहे, कुणी बोलत नाही. शेवटी तळाच्या चिखलात एका कोयत्याचं पातं उघडं पडतं.

दिग्दर्शकाने हा प्रसंग खरोखर पाणी उतरवून चित्रित केला. एक कॅमेरा समोरच्या उंचवट्यावर वाइड लावला, दुसरा काठाजवळ क्लोजअपसाठी. वाइड कॅमेरा 38 मिनिटं अखंड चालला. मला रश (न कापलेलं कच्चं चित्रण) आल्या तेव्हा मी तो टेक सलग पाहिला. पहिल्यांदा काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्यांदा पाहताना उजव्या काठावर, डावीकडून सहावा, करड्या शर्टातला चुलतभाऊ दिसला. सगळं गाव पाण्याकडे बघतंय, तो मात्र समोरच्या काठावर उभ्या असलेल्या मृताच्या आईकडे बघतोय. पूर्ण टेकभर. दिग्दर्शकाने त्याला तसं सांगितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. आणि पातं दिसतं त्या क्षणी दोन्ही काठांवरची माणसं पुढे झुकतात, हा एकटा खाली बसतो. गुडघ्यातून जोर गेल्यासारखा. फ्रेममध्ये तो माझ्या करंगळीच्या नखाएवढा आहे.

मी त्या दिवशी आणखी काही कापलं नाही. घरी गेले.

अडचण

पहिली जोडणी 3 तास 12 मिनिटांची झाली. तीन आठवड्यांनी पहिला कट, म्हणजे कापून-जोडून झालेलं चित्रपटाचं पहिलं रूप, 161 मिनिटांवर आला. त्यात कालव्याचा प्रसंग 11 मिनिटं 40 सेकंदांचा होता.

वीसेक जणांना बोलावून चाचणी खेळ केला. चित्रपटाशी संबंध नसलेली माणसं होती. शेवटी एक छापील कागद भरून घेतला. पहिलाच प्रश्न होता, 'कुठे कंटाळा आला?' उत्तरांत 'कालवा' हा शब्द इतक्या वेळा आला की मोजायची गरज नव्हती. दोघांनी 'रटाळ' लिहिलं. बऱ्याच जणांनी 'रेंगाळतो' लिहिलं. एका बाईंनी लिहिलं होतं, "चित्रपट संथ आहे, ते मला आवडलं, पण मधे मधे तो रेंगाळतो."

तो कागद मी बाजूला काढून ठेवला. संथ आणि रेंगाळलेला हे दोन शब्द त्या बाईंनी सहज वेगळे केले होते, आम्ही मात्र पुढचे दोन महिने ते एकच समजून वागलो. संथ पाणी वाहत असतं, त्याला दिशा असते. रेंगाळणाऱ्याला कुठे जायचंय ते त्याचं त्यालाच माहीत नसतं.

इकडे निर्मातीवर वेगळाच ताण होता. वितरकाने दोन तासांच्या आत चित्रपट मागितला होता. लांबी वाढली की दिवसाला एक खेळ कमी होतो, हे गणित तिला दुर्लक्षून चालणार नव्हतं. तिची बाजू चुकीची नव्हती. तिने घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते आणि हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यांत सरळ, प्रत्येक शॉटची डोकी-शेपट्या छाटायच्या. माणूस दारातून आत येईपर्यंत थांबायचं नाही, खुर्चीवर बसल्यापासून सुरू करायचं. असं केलं की वीस-पंचवीस मिनिटं कुणाच्या लक्षात न येता निघतात. निदान तसा आमचा समज होता.

दुसरा पर्याय निर्मातीचा. संगीत वाढवा, तणाव येईल. तिने एक गूढ, घुमणारा तुकडा आणूनही दिला होता.

तिसरा दिग्दर्शकाचा. काहीही करायचं नाही. ज्यांना पाहायचाय ते पाहतील.

या तिसऱ्या पर्यायाच्या समर्थनासाठी त्याने दोन चित्रपट पुढे केले. एक, तुर्की दिग्दर्शक नुरी बिल्गे जेलान यांचा 'वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया'. सुमारे अडीच तासांचा, त्यातला मोठा भाग म्हणजे रात्रभर गाड्या फिरवत पुरलेलं प्रेत शोधणं, आणि तरी 2011 साली कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री हा मोठा पुरस्कार विभागून मिळाला. दुसरा, कोरियन दिग्दर्शक बोंग जून-हो यांचा 2003 चा 'मेमरीज ऑफ मर्डर', दोन तासांहून मोठा, शेवटी खुनी सापडतच नाही. निर्माती म्हणाली, ते लोक वेगळे, त्यांची गोष्ट वेगळी. यावर आठवडाभर वाद चालला.

आज वाटतं, तो आठवडा वाया गेला, कारण त्या दोन चित्रपटांची लांबी सोडून आम्ही त्यातलं काहीच पाहत नव्हतो. जेलान यांच्या चित्रपटात संशयित आधीच ताब्यात आहे. प्रेत कुठे आहे, एवढंच शोधायचंय, आणि हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळतं. त्यामुळे गाडी टेकडीमागून वळली की प्रत्येक वेळी आपणही काचेतून बाहेर बघतो. बोंग यांच्या चित्रपटात पाऊस पडला आणि रेडिओवर ठरावीक गाणं लागलं की काय होऊ शकतं, हे तपास करणाऱ्यांना आणि आपल्याला एकदमच समजतं. त्यानंतर नुसता पाऊस दाखवला तरी पुरतो. तो चित्रपट दक्षिण कोरियातल्या ज्या ह्वासॉंगच्या खुनांवर बेतलेला आहे ते 1986 ते 1991 मधले, आणि खरा गुन्हेगार डीएनएमुळे 2019 मध्ये ओळखला गेला, चित्रपट आल्यावर सोळा वर्षांनी. म्हणजे त्या चित्रपटाला शेवट नव्हताच, तरी पाहणारा खिळून बसला, कारण कशाची वाट पाहायची हे त्याला दर क्षणी माहीत होतं.

आमच्या कालव्यापाशी प्रेक्षकाला काय माहीत होतं? एक हत्यार आहे, ते सापडेल. बस. कसलं हत्यार, ते सापडल्याने काय बदलेल, काठावर उभ्या माणसांत आपण कुणाकडे बघायचं, यातलं काहीही नाही. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

पहिला प्रयत्न आणि माझी चूक

दिग्दर्शक चार दिवस बाहेरगावी गेला. निर्मातीचा फोन आला. "तू फक्त बघ ना, दोन तासांत बसतो का. त्याला नको सांगूस आत्ताच. दाखवायला काहीतरी हातात असलं की बोलणं सोपं जाईल."

मी म्हटलं, "ताई, त्याला न सांगता नको." ती गप्प राहिली. मग मी हो म्हटलं.

चार दिवसांत कट 128 मिनिटांवर आणला. डोकी-शेपट्या छाटल्या. कालव्याचा प्रसंग 4 मिनिटं 5 सेकंदांचा केला. वाइडचे तुकडे करून मधे काठावरच्या चेहऱ्यांचे क्लोजअप टाकले, पातं दिसलं की थेट पात्याचा क्लोजअप. निर्मातीने आणलेला संगीताचा तुकडा खाली घातला. तांत्रिकदृष्ट्या प्रसंग नीटनेटका होता. कट कुठे खटकत नव्हता.

दिग्दर्शक परतल्यावर त्याला दाखवलं. तो शेवटपर्यंत बसला. मग एवढंच म्हणाला, "तो खाली बसतो ते कुठे गेलं गं?"

पात्याच्या क्लोजअपमध्ये गेलं होतं. ज्या क्षणी चुलतभाऊ खाली बसतो त्याच क्षणी मी चिखलातल्या लोखंडावर कट केला होता. ज्या एका गोष्टीसाठी मी त्या दिवशी काम थांबवून घरी गेले होते, ती मीच कापली होती आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तो चिडला ते कट केल्याबद्दल नव्हे, न सांगता केल्याबद्दल. आठवडाभर आम्ही फक्त कामापुरतं बोललो. त्याचं बरोबर होतं.

तरीही 128 मिनिटांच्या कटचा चाचणी खेळ झाला, नव्या माणसांसमोर, तोच कागद देऊन. निकालाने तिघांचीही समजूत मोडली. चित्रपट 33 मिनिटांनी लहान झाला होता आणि लोकांना तो आधीपेक्षा लांब वाटला. 'रेंगाळतो' हा शब्द तसाच राहिला, भरीला 'कोण कोण आहे ते कळत नाही' हे नवं आलं. कालव्याबद्दल आता तक्रार नव्हती. कालवा कुणाला आठवतच नव्हता.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले. छाटलेल्या डोकी-शेपट्यांत माणसं एका जागेहून दुसऱ्या जागी जात होती. अधिकारी दारापाशी येतो, चपला काढू की नको असा थबकतो, आत बघतो, मग बसतो. त्या थबकण्यात पाहणारा खोलीची ओळख करून घेत होता, कोण कुठे बसलंय, कोण उठून आत गेलं. मी तो वेळ काढून घेतला, त्यामुळे बसल्या बसल्या सुरू होणारी संभाषणंच एकामागून एक उरली. संभाषणांमागून संभाषणं आली की 128 मिनिटंही संपत नाहीत.

डॉक्टरांचा प्रसंग

वाट सापडली ती एका डॉक्टरांमुळे, जे न्यायवैद्यक शिकवतात आणि आमच्या चित्रपटाचे सल्लागार होते. पहिला कट पाहून त्यांनी साधा प्रश्न विचारला. "शवविच्छेदनाची माहिती तुमच्या अधिकाऱ्याला चौथ्या दिवशी का मिळते? लेखी अहवालाला वेळ लागेल, मान्य. पण डॉक्टर तोंडी त्याच दिवशी सांगतो की."

पटकथेत डॉक्टरांचा प्रसंग चौथ्या दिवशी होता, म्हणजे कालव्यानंतर. दिग्दर्शकाला लेखी अहवाल हातात पडण्याचा क्षण हवा होता म्हणून. त्या प्रसंगात डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. पहिली, जखम एका धारेच्या, वाकलेल्या पात्याची आहे, आणि ते टेबलावरच्या कागदावर पेनाने एक वळण काढून दाखवतात. दुसरी गोष्ट सगळ्या चित्रपटाचा कणा आहे. ती समजायला थोडं शास्त्र हवं.

माणूस मेला की रक्ताभिसरण थांबतं आणि रक्त आपल्या वजनाने शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं. तिथल्या त्वचेवर जांभळट-तांबडे डाग दिसू लागतात. सुरुवातीचे काही तास अंगठ्याने दाबलं तर तिथे पांढरा ठसा उमटतो आणि पुन्हा रंग भरतो. साधारण 8 ते 12 तासांत डाग पक्के होतात. मग प्रेत उलटवलं तरी ते जागा सोडत नाहीत. शरीराचा जो भाग जमिनीवर दाबला गेलेला असतो तिथली कातडी मात्र फिकट राहते. आमच्या रंगभूषाकाराने हे नीट समजून घेतलं होतं. पूर्ण पाठ जांभळी रंगवून खांद्याच्या पात्यांपाशी दोन फिकट पट्टे सोडले होते. पडद्यावर ते दीड सेकंद दिसतात आणि दर वेळी माझी नजर तिथे जाते.

प्रेत पालथं सापडलंय आणि डाग पाठीवर आहेत. म्हणजे तो मेल्यावर बरेच तास उताणा पडून होता आणि पहाटेच्या सुमारास कुणीतरी परत येऊन त्याला पालथा केला. चित्रपटातले डॉक्टर म्हणतात, "चेहरा बघवला नसेल." अधिकारी काही बोलत नाही. ज्याला चेहरा बघवत नाही असा माणूस परका नसतो, हे तो समजतो आणि आपणही.

हा प्रसंग कालव्याच्या आधी आला तर? कोयता वाकड्या पात्याचा असेल हे आपल्याला आधीच माहीत. आणि काठावर उभ्या गावात आपण शत्रू शोधणार नाही, मृतावर माया करणारा माणूस शोधू. मग तो करड्या शर्टातला आईकडे बघणारा पोरगा आपला आपल्याला सापडेल.

दिग्दर्शकाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पट्टीचं काय?"

तो बरोबर नेमक्या अडचणीवर बोट ठेवत होता. कालव्यात उतरताना अधिकाऱ्याचा डावा तळवा कापतो, त्यामुळे चौथ्या दिवशीच्या डॉक्टरांच्या प्रसंगात त्याच्या हाताला पट्टी आहे. तो प्रसंग पहिल्या दिवशी नेला तर पट्टी आधी आणि जखम नंतर. पुनर्चित्रीकरणाला पैसे नव्हते, डॉक्टरांचं काम करणारा नट दुसऱ्या कामात अडकला होता. आम्ही त्या प्रसंगाचे सगळे टेक काढून पुन्हा बघितले. पट्टी एकूण पाच शॉटमध्ये होती. त्यातल्या तीन शॉटना पर्यायी टेक मिळाले, त्यांत हात टेबलाखाली होता. एक शॉट सोडून दिला. उरलेल्या एका शॉटशिवाय चालणार नव्हतं, तो कागदावरच्या वळणाचा. चित्रीकरण 4के होतं आणि अंतिम प्रत 2के, म्हणजे त्याहून कमी तपशिलाची निघणार होती, म्हणून चित्र न बिघडवता फ्रेम 12 टक्के मोठी करून हात बाहेर ढकलला. डॉक्टरांचं 'अहवाल आलाय' हे वाक्य पाठमोऱ्या शॉटवर होतं, तिथे डबिंग करून घेतलं, "लेखी यायला वेळ लागेल, तोंडी सांगतो."

दोन दिवसांचं काम. चित्रपटाला दोन महिने जे जमलं नव्हतं ते झालं.

पाणी उतरण्याचा आवाज

कालव्याचा प्रसंग मी पुन्हा वाइडवर नेला. 38 मिनिटांचं पाणी उतरणं पाच तुकड्यांत, 9 मिनिटं 20 सेकंद. काठावरचे चेहरे दोनच ठेवले, आईचा आणि हवालदाराचा. चुलतभावाचा क्लोजअप एकही नाही. तो पाहणाऱ्याने शोधायचा.

साउंड डिझायनर तोवर गप्प होती. हा कट पाहून ती म्हणाली, "संगीत काढ. मला फक्त पाणी दे." तिने ठिकाणी जाऊन कालव्याचे आवाज वेगवेगळ्या पातळीला ध्वनिमुद्रित केले होते. भरलेल्या कालव्याचा आवाज भारी, सलग असतो. पाणी कमी झालं की तो फुटतो, दगडांभोवती वेगळा, कडेला वेगळा. आणखी कमी झालं की मागचे आवाज पुढे येतात, लांबचं कुत्रं, कुणाचा तरी खोकला, एका लहान मुलाने विचारलेला आणि आईने दाबून टाकलेला प्रश्न. शेवटी चिखलातून बुडबुडे फुटण्याचा बारीक आवाज. नऊ मिनिटांत एवढा उतार बसतो. चार मिनिटांच्या कटमध्ये पाण्याने आवाज बदलेपर्यंत प्रसंगच संपत होता.

निर्मातीचा संगीताचा तुकडा सोडणं मला सोपं गेलं नाही, हेही सांगते. तात्पुरतं संगीत लावून महिनाभर काम केलं की कान त्याला सोकावतात. ते काढल्यावर पहिले दोन दिवस प्रसंग उघडा पडल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी पाणी ऐकू येऊ लागलं.

पात्याच्या क्लोजअपवर शेवटचा वाद झाला. निर्मातीचं म्हणणं, प्रेक्षकाला हत्यार स्पष्ट दिसलं पाहिजे. दिग्दर्शकाला तो शॉटच नको होता. पातं वाइडमध्ये चिखलातली काळी रेघ म्हणून दिसतं, गाव पुढे झुकतं, तो खाली बसतो, आणि त्यानंतर पूर्ण तीन सेकंद थांबून क्लोजअप, असं मी सुचवलं. तिघांनीही ते मान्य केलं, मनापासून कुणीच नाही. आज मला तो क्लोजअप अनावश्यक वाटतो.

छाटलेल्या डोकी-शेपट्यांपैकी निम्म्या परत आल्या. त्यांच्या बदल्यात तीन आख्खे प्रसंग गेले. शाळेतल्या मास्तरांची दुसरी जबानी, जीप बंद पडण्याचा प्रसंग, आणि मृताची आई कपडे ओळखते तो. अंतिम लांबी 143 मिनिटं.

परिणाम

तिसऱ्या चाचणी खेळात 'रेंगाळतो' हा शब्द दोनच कागदांवर आला. 143 मिनिटांचा कट पाहणाऱ्यांना 128 च्या कटपेक्षा लहान वाटला. कालव्याबद्दल लोक भरभरून बोलले. खेळ संपल्यावर एक तरुण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तो खाली बसला ना? की मला भास झाला?"

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन तासांवर अडून बसलेल्या वितरकाने अंग काढून घेतलं. दुसरा मिळाला, त्याने कमी पडदे दिले. चित्रपटगृहांत चित्रपट फार दिवस टिकला नाही, नंतर घरबसल्या पाहणाऱ्यांकडून त्याचा खर्च बराचसा भरून निघाला. निर्मातीचं घर सुटलं. तिने नंतरच्या चित्रपटासाठी मला बोलावलं नाही आणि त्याबद्दल मी तिला बोल लावत नाही. दिग्दर्शक आणि मी पुन्हा एकत्र काम केलं.

आज काय वेगळं केलं असतं

दिग्दर्शकाच्या माघारी कट केला नसता. निर्मातीला तेव्हा सांगायला हवं होतं की दोन तासांचा कट मी करते, तो वाईट निघाला तर तेही कळेल, पण त्याला आधी फोन करू. तो नाही म्हणाला नसता असं आता वाटतं.

पटकथा हातात घड्याळ घेऊन मोठ्याने वाचून घ्यायला हवी होती. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असं धरतात, पण संथ चित्रपटाचं पान एका मिनिटात संपत नाही, ही साधी गोष्ट चित्रीकरणाआधी तिघांसमोर आली असती, तर वितरकाशी बोलणी वेगळी झाली असती आणि डॉक्टरांच्या प्रसंगाची जागाही तेव्हाच खटकली असती. पट्टी लपवायला दोन दिवस घालवावे लागले नसते.

चाचणी खेळाचा कागद मी बदलला आहे. 'कुठे कंटाळा आला' असं विचारलं की माणूस लांब शॉट आठवून लिहितो, कारण कंटाळ्याचं कारण त्याला तिथेच दिसतं. खरं कारण पुष्कळदा वीस मिनिटं आधी असतं, न सांगितलेल्या गोष्टीत. आता मी चार ठरावीक प्रसंगांची नावं छापते आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवते, 'इथे तुम्ही कशाची वाट पाहत होता?' जिथे रेघ कोरी राहते तिथे मागे जाऊन बघते.

आणि आईचा प्रसंग. 2 मिनिटं 10 सेकंद. अधिकारी टेबलावर शर्ट पसरतो, ती बघते, आणि ओळखल्याचं काही न सांगता शर्टाचं निघालेलं बटण बोटाने चाचपते. आम्ही तो काढला कारण ओळख तोपर्यंत पटलेली होती, माहितीच्या हिशेबाने प्रसंगाची गरज नव्हती. ध्वनिमिश्रण पूर्ण झाल्यावर मी संपूर्ण चित्रपट पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिला. कालव्याच्या काठावर तो पोरगा त्या बाईकडे टक लावून बघत होता, आणि तिला आपण त्याआधी एकदाच, गर्दीत, लांबून पाहिलं होतं. तो कुणाकडे बघतोय हे ओळखायला प्रेक्षकाला ते बटण हवं होतं. मी दिग्दर्शकाला अंधारातच तसं म्हटलं. तो म्हणाला, "मलाही आत्ताच कळलं." तोवर प्रती निघाल्या होत्या.